फादर टॉमस स्टीफन्स : साष्टीतील चाळीस वर्षे

तळेगाव दाभाडे येथील आमच्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त ही स्मरणिका निघत असता तीत आम्हीही चार शब्द लिहावेत, असा मंडळाचा आग्रह पडला. अशा पुस्तकांत धर्मगुरूने आशीर्वादपर मजकूर लिहावा व बाजूस सरावे, अशी रीत आहे. ती मोडून आम्ही एका थोर पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यास कारण घडले ते असे. ज्युबिलीची पहिली सभा भरली त्या रविवारी सेवेसाठी नावे मागितली. शास्त्रवाचन, गायन, वेदीसेवा, मुलांचे धर्मशिक्षण, आजाऱ्यांच्या भेटी, मंदिराची झाडलोट अशी सदरे पाडून कागद फिरविला, तो दोन्ही अंगांनी भरून परत आला. आमचे मन हरखून गेले. पुढे चौथ्या शनिवारी झाडलोटीस चार माणसे हजर झाली, आणि त्यांतील दोघांची नावे कागदावर नव्हतीच.

हे आम्ही कोणास दूषण देण्यासाठी लिहीत नाही. चाकणच्या व तळेगावच्या कारखान्यांतील पाळ्या कशा फिरतात, रात्रपाळीहून आलेल्या माणसाच्या डोळ्यांची काय दशा असते, हे आम्ही रोज पाहतो. शिवाय ह्या बाबतीत आमचे स्वतःचे हातही स्वच्छ नाहीत. ते योग्य ठिकाणी सांगूच. तो कागद हाती घेऊन बसलो असता ख्रिस्तपुराणकर्ते फादर टॉमस स्टीफन्स ह्यांचे स्मरण झाले. त्यांचे नाव मराठी बोलणाऱ्या कॅथलिक माणसास ठाऊक नाही असे सहसा होत नाही. परंतु त्यांच्या काव्याची जितकी वाखाणणी होते तितका त्यांच्या दिनक्रमाचा विचार होत नाही. आम्हांस येथे त्या दिनक्रमाविषयीच लिहावयाचे आहे.

इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात बुश्टन नावाच्या गावी इसवी सन १५४९ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. वडील व्यापारी होते व त्यांचेही नाव टॉमसच होते. तो काळ त्या देशातील कॅथलिक लोकांस अतिशय कठीण होता. एलिझाबेथ राणीच्या अमलात मिस्सा अर्पण करणे हा गुन्हा ठरला होता आणि जुन्या धर्मास चिकटून राहणाऱ्यांस दंड व तुरुंग भोगावा लागे. तरुण स्टीफन्स ह्यांस ह्या काळात एक मित्र लाभला. त्याचे नाव टॉमस पाउंड. हा गृहस्थ श्रीमंत, देखणा व राणीच्या दरबारातील मानकरी होता. नाताळच्या एका उत्सवात राणीसमोर नाचत असता तो तोल जाऊन पडला, राणीने सर्वांदेखत त्याचा उपहास केला, आणि त्या एका क्षणाने त्याचे मन दरबारावरून कायमचे उडाले, अशी कथा सांगतात. पुढे त्याने उरलेले आयुष्य देवाच्या सेवेस देण्याचे ठरविले. स्टीफन्स त्याच्याजवळ सेवकाच्या वेषात राहू लागले, आणि दोघांनी मिळून संकल्प केला की, देश सोडून रोमला जावे व येशूसंघात प्रवेश मागावा.

निघण्याची तयारी झाली, आणि पाउंड पकडला गेला.

ह्या ठिकाणी वाचकांनी क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. ज्याच्या जोडीने आपण संकल्प केला तोच तुरुंगात पडल्यावर आपला संकल्प सुटला असे मानण्यास मनुष्यास फारसा प्रयास पडत नाही. आमच्या मंडळ्या व संघ ह्यांतही हेच घडते. अमुक येत नाही म्हणून तमुकही येत नाही. स्टीफन्स एकटेच रोमला गेले व २० ऑक्टोबर १५७५ रोजी येशूसंघाच्या नवशिक्षार्थींत दाखल झाले. तेथे जाऊन ते मित्रास विसरले नाहीत. पाउंडलाही संघात घ्यावे म्हणून त्यांनी वरिष्ठांजवळ रदबदली केली, आणि १५७८ साली संघाच्या प्रमुखांनी, इंग्लंडातील तुरुंगात असलेल्या त्या मनुष्यास तेथल्या तेथे येशूसंघीय म्हणून स्वीकारले. पाउंडने ह्या तुरुंगातून त्या तुरुंगात असे सुमारे तीस वर्षांचे आयुष्य काढले आणि पुढे तो देवाघरी गेला. एकत्र निघालेल्या ह्या दोघांपैकी एकाची सेवा कोठडीत झाली व दुसऱ्याची समुद्रापलीकडे. पुन्हा त्यांची गाठ पडली नाही.

रोममध्ये अभ्यास चालू असताच स्टीफन्स ह्यांची नेमणूक हिंदुस्थानाकडे झाली. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून पाच जहाजांचा तांडा सुटला, त्यात ते होते. आफ्रिकेस वळसा घालून जहाज गोव्यास लागले तो दिवस २४ ऑक्टोबरचा. सहा महिने वीस दिवस! वाटेत हिरड्या सुजून, अंग फुटून लोक अंथरुणास खिळले. दीडशेच्या आसपास माणसे आजारी झाली व त्यांतील २७ दगावली. ही हानी त्या मार्गाच्या मानाने थोडीच समजत. हे सर्व आम्हांस कळते ते स्टीफन्स ह्यांनी गोव्यास पोहोचल्यावर १० नोव्हेंबर रोजी आपल्या वडिलांस लिहिलेल्या पत्रावरून. पत्रात वारे, प्रवाह, पक्षी, मासे, होकायंत्राची सुई ह्यांचे इतके बारीक वर्णन आहे की ते पुढे इंग्लंडातील प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापले गेले. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०० साली, म्हणजे ह्यानंतर २१ वर्षांनी. हिंदुस्थानात येऊन कायमचा राहिलेला ज्ञात असा पहिला इंग्रज हाच, असे इतिहासकार मानतात. तो राज्य करावयास अगर व्यापार करावयास आला नव्हता, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते. आपल्या देशास ते पुन्हा कधी गेले नाहीत.

१५८० साली गोव्यात त्यांस गुरुदीक्षा मिळाली आणि साष्टी प्रांतात त्यांची नेमणूक झाली. ही साष्टी मुंबईजवळची नव्हे. गोव्याच्या दक्षिणेकडील, मडगावच्या भोवतालची साष्टी होय. तेथे त्यांनी काही काळ महाविद्यालयाचे प्रमुखपद सांभाळले, गावोगावच्या मंदिरांत धर्मगुरूचे काम केले, आणि १६१९ साली देह ठेवीपर्यंत, किरकोळ खंड वगळता, तो प्रांत सोडला नाही. वयाच्या तिसाव्या वर्षी आले ते सत्तराव्या वर्षी गेले. चाळीस वर्षे एकाच मुलखात, त्याच भातखाचरांच्या बांधांवरून, त्याच लोकांत. आमच्या काळातील बदल्यांची रीत पाहिली म्हणजे ह्या आकड्याचे नवल वाटते. चार-सहा वर्षांत धर्मगुरू बदलतो, आणि त्यास आपण वाहिलेल्या वचनांचा हिशेब क्वचितच द्यावा लागतो. नव्या गावी नवे लोक, नवा आरंभ. स्टीफन्स ह्यांस ती सोय नव्हती. आपण ज्यांस स्नानसंस्कार दिला त्यांची मुले, व त्या मुलांची मुले, त्यांच्या डोळ्यांसमोर वाढत होती.

त्यांस तेथे येऊन चार वर्षे होतात न होतात तोच साष्टीत एक भयंकर प्रकार घडला. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी गावात येशूसंघाचे पाच जण ठार झाले. फादर रुडॉल्फ आक्वाविवा हे त्यांचे प्रमुख. हेच आक्वाविवा अकबर बादशहाच्या दरबारी तीन वर्षे राहून त्याच वर्षी परतले होते. त्यांच्यासमवेत काही ख्रिस्ती गृहस्थ व मुलगेही मारले गेले. ह्या पाच जणांस १८९३ साली ख्रिस्तसभेने धन्य म्हणून गौरविले, व आम्ही त्यांस रक्तसाक्षी म्हणून वंदन करतो. परंतु चरित्रकाराने अर्धेच सांगू नये. कुंकळ्ळीच्या लोकांची देवळे पोर्तुगीज फौजेने उद्ध्वस्त केली होती, त्याचा दाह गावाच्या मनात होता. आणि ह्या हत्येनंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी गावच्या प्रमुख गावकरांस आसोळणा येथील किल्ल्यात बोलावून विश्वासघाताने ठार केले. आज कुंकळ्ळीत रक्तसाक्षींचे प्रार्थनास्थळ आहे व त्या गावकरांचे स्मारकही आहे. दोन्ही पाहावीत.

विहिरीत टाकलेले ते देह शोधून मिळविणे व त्यांची मूठमाती करणे ह्या कामात स्टीफन्स ह्यांचा हात होता. ज्यांच्यासमवेत काल भोजन केले त्यांचे छिन्न देह उचलून, पावसाळ्याच्या चिखलातून घेऊन यावयाचे, आणि पुढल्या रविवारी त्याच प्रांतातील मुलांस घेऊन पुन्हा धर्मशिक्षणास बसावयाचे. बदली मागितली असती तर त्यांस कोणी नावे ठेविली नसती. ते राहिले, आणि आमच्या मते त्याहूनही मोठी गोष्ट ही की, ते कडवट झाले नाहीत. तीनच महिन्यांनी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, त्यांनी पॅरिसमध्ये असलेल्या आपल्या भावास पत्र लिहिले. त्यात इकडील भाषांविषयी त्यांनी असा अभिप्राय दिला आहे की, त्यांची घडण ग्रीक व लॅटिन ह्यांशी जुळणारी आहे. युरोपातील विद्वानांस हे साम्य उमगण्यास पुढे दोनशे वर्षे लागली. ज्या लोकांच्या मुलखात आपले बांधव मारले गेले त्यांच्याच बोलीत गोडी शोधणारे मन कसे असेल, ह्याचा विचार आम्ही पुष्कळदा करतो.

त्याच सुमारास काही इंग्रज व्यापारी हेर समजून पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आले. त्यांत न्यूबेरी व फिच हे होते. स्टीफन्स ह्यांनी खटपट करून त्यांस जामिनावर सोडविले. त्या लोकांचा धर्मपंथ कोणता हे त्यांनी पाहिले नाही. तुरुंगातील मित्राचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला असावा, असा आपला आमचा तर्क.

आता ज्या कार्यामुळे त्यांचे नाव राहिले त्याकडे वळू. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच त्यांनी त्या कार्याचे मूळ सांगितले आहे. एका रविवारी दुपारी साष्टीतील एका मंदिरात ते मुलांस धर्मशिक्षण देत बसले असता एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण त्यांजपाशी आला. त्याच्या बोलण्याचा आशय असा की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केली, तर त्यांच्या जागी तशीच दुसरी आम्हांस का देत नाही? प्रश्न नम्र होता, पण त्यात बोच होती. पोर्तुगीज अमलात देशी पोथ्यांवर खरोखरच बंदी होती. ज्या माणसाच्या सायंकाळी पुराणश्रवणात जात, त्यास चार प्रार्थना व दहा आज्ञा पाठ करवून घरी लावून दिले, तर त्याच्या सायंकाळीचे काय? बंदी उठविणे एका धर्मगुरूच्या हाती नव्हते. परंतु मागणी न्याय्य आहे हे त्यांनी ओळखले व ती पुरी करण्याचे पत्करले.

पत्करणे एका वाक्याचे होते. ते पुरे करण्यास काय लागले ते पाहा. रायतूर, ज्यास राशोल म्हणतात, तेथील महाविद्यालयाच्या छापखान्यात १६१६ साली हा ग्रंथ छापून निघाला, तेव्हा कर्त्याचे वय ६७ च्या घरात होते. दोन पुराणे, ९५ अवस्वर, १०,९६२ ओव्या. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. परभाषेत जन्मलेल्या माणसाने हे सर्व मराठी ओवीत बसविले, आणि ते करताना मुलांचे धर्मशिक्षण, पापनिवेदन, आजाऱ्यांच्या भेटी, महाविद्यालयाचे हिशेब ही कामे चालूच होती. ज्यास आपण फुरसत म्हणतो ती त्यांस कधी मिळाली असे दिसत नाही. एकनाथमहाराजांनी आपले भागवत १५७३ साली पुरे केले व १५९९ साली ते समाधिस्थ झाले, म्हणजे स्टीफन्स साष्टीत मराठी शिकत होते तेव्हा पैठणास नाथ विद्यमान होते. आमच्या मराठी संतांची ओवी त्यांच्या कानावर व वाचनात आलेली असावी, असे अभ्यासक म्हणतात. पुराण वाचणाऱ्यास ह्यात शंका राहत नाही. त्यात नारळीपोफळी आहेत, मोगरा आहे, इकडची चालरीत आहे. बेथलेहेम जणू साष्टीच्या डोंगरापलीकडेच असावे.

एका बाबतीत मात्र त्यांस यश आले नाही. ह्या भूमीच्या भाषेचे पुस्तक ह्या भूमीच्याच अक्षरांत छापावे, अशी त्यांची तळमळ होती. १६०८ साली त्यांनी रोमला संघाचे प्रमुख क्लॉडियस आक्वाविवा ह्यांस पत्र लिहून हा विषय मांडला. हे प्रमुख म्हणजे कुंकळ्ळीस मारल्या गेलेल्या रुडॉल्फ ह्यांचे चुलते. अडचण अशी की, युरोपाच्या लिपीस दोन डझन साचे पुरतात, तर आपल्या जोडाक्षरी लिपीस सहाशेच्या आसपास लागतात. आणि वरिष्ठांच्या मदतीवाचून एवढे काम होणे शक्य नव्हते. ते झाले नाही. शेवटी पुराण रोमन लिपीत छापावे लागले. आम्ही इंद्रायणीकाठचे लोक. देहू येथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि परंपरेने तुकोबांचे जन्मवर्ष म्हणून १६०८ हेच साल सांगतात. ज्या वर्षी आमच्या नदीकाठी अभंगाचा धनी जन्मला, त्याच वर्षी गोव्यात एक इंग्रज पाद्री देवनागरी खिळ्यांसाठी रोमच्या दारी याचना करीत होता, ह्या योगाचे आम्हांस कौतुक वाटते. असो. मागितलेले मिळाले नाही म्हणून त्यांनी ग्रंथ अडवून ठेविला नाही, एवढे ध्यानात असावे. आमच्याकडे ध्वनिक्षेपक बिघडला तरी गायनसंघ रुसतो.

१६१९ साली स्टीफन्स गोव्यात निवर्तले. त्यांच्यामागे त्यांनी मुलांसाठी कोकणीत रचलेले धर्मशिक्षणाचे प्रश्नोत्तररूप पुस्तक १६२२ साली रायतूरला छापले गेले. कोकणी भाषेचे व्याकरण दुसऱ्या एका येशूसंघीय बांधवाने भर घालून १६४० साली छापविले. हिंदुस्थानातील भाषेचे छापून निघालेले असे ते पहिलेच व्याकरण समजतात. खुद्द पुराणाच्या १६४९ व १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. रविवारी व सणांच्या दिवशी मंदिरात मंडळी जमून ते मोठ्याने वाचीत.

येथवर एका माणसाची गोष्ट झाली. पुढील भाग त्याच्या लोकांचा आहे, आणि आमच्या दृष्टीने ह्या चरित्रातील अत्यंत मोलाचा भाग तोच.

१६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की, तीन वर्षांच्या आत लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. पुन्हा पुराण छापण्याची आशा राहिली नाही. छापलेल्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही मूळ प्रत आज उपलब्ध नाही. वाळवी, ओल आणि हेळसांड ह्यांनी आपले काम केले. मग ग्रंथ आपल्या हाती आला कसा? लोकांनी तो हाताने उतरून घेतला म्हणून. दुष्काळ, करभार, धर्मपरीक्षकांचे भय व युद्धे ह्यांमुळे कितीएक ख्रिस्ती कुटुंबे गोवा सोडून दक्षिणेस कानड्यात व मंगळुराकडे गेली, त्यांनी पुराण बरोबर नेले. वाळलेले बोरू, घरी केलेली शाई, आणि १०,९६२ ओव्या. पहिली प्रत जीर्ण झाली की कोणीतरी दुसरी उतरावयास बसे. १७८४ साली टिपू सुलतानाने त्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेले. त्या बंदिवासातही ह्या ओव्या त्यांच्या ओठी होत्या, अशी त्यांच्या समाजात आठवण आहे. त्यांच्यात धर्मगुरू असोत वा नसोत, उपवासकाळात पुराण उघडले जाई.

ह्याच हस्तलिखितांच्या आधारे मंगळुरास जोसेफ सालढाणा ह्यांनी १९०७ साली रोमन लिपीत पुराण छापले. पुढे लंडनमधील एका जुन्या संग्रहात देवनागरी लिपीतील हस्तलिखित असल्याचे अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अॅबट ह्यांनी उजेडात आणले. त्यात पोर्तुगीज शब्दांच्या जागी पुष्कळ ठिकाणी संस्कृत शब्द आहेत. १९५६ साली शांताराम बंडेलू ह्यांनी पुण्यातून देवनागरी आवृत्ती काढली. १९९६ साली फादर कारिदाद द्रागो ह्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती मुंबईस निघाली. स्टीफन्स ह्यांनी मागितलेले खिळे त्यांच्या पुराणास साडेतीनशे वर्षांनी मिळाले म्हणावयाचे.

आता आमची गोष्ट. गुरुदीक्षा होऊन आम्हांस फार दिवस झाले नव्हते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील एका खेड्यात सहायक म्हणून आम्ही होतो. द्रागो ह्यांची आवृत्ती नवीच हाती आलेली, उत्साह दांडगा. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी आम्ही वेदीवरून जाहीर केले की, ईस्टरपर्यंत दर रविवारी सायंकाळी आम्ही स्वतः पुराण वाचून अर्थ सांगू. पहिल्या रविवारी अंगण भरले. दुसऱ्या रविवारी निम्मे. तिसऱ्या रविवारी आम्हांस इमारत समितीची बैठक निघाली, चौथ्यास तालुक्याच्या गावी जाणे झाले, आणि मग ती गोष्ट आमच्या मनातून गेली. कोणी विचारले नाही. आम्हीही काढली नाही.

झावळ्यांच्या रविवारी मुलांस प्रश्न विचारीत असता एका सात-आठ वर्षांच्या पोराने पेत्राच्या नाकारण्याची कथा आम्ही कधी शिकविली नव्हती अशा तपशिलाने सांगितली, तीही ओवीच्या चालीवर. चौकशी केली तेव्हा कळले की, गावचे म्हातारे धर्मशिक्षक पोथी घेऊन दर रविवारी ठरल्या वेळी अंगणात बसत होते. कधी पाच श्रोते, कधी दोन. त्यांची दृष्टी मंदावलेली असल्याने ह्याच पोरास शेजारी कंदील धरून बसवीत आणि अक्षर लागले नाही तर त्याच्याकडून वाचवून घेत. आम्ही खजील होऊन त्यांजपाशी गेलो. त्यांनी आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. त्यांस वाटत होते की, फादरांनी हे काम आपल्यावर सोपविले आहे, आणि त्याचा त्यांस अभिमान होता. त्यांचा तो समज आम्ही मोडला नाही. तो न मोडण्यात विनय किती आणि भित्रेपणा किती, ह्याचा निवाडा आम्ही अद्याप करू शकलो नाही.

ते आज हयात नाहीत. पण तळेगावास आलो तेव्हा बरोबर आणलेल्या थोड्या सामानात ती पोथी होती. कंदिलाच्या तेलाचा डाग तिच्या दुसऱ्या पुराणावर आहे. ज्युबिलीच्या वर्षी उपवासकाळात ती पुन्हा उघडावयाची असे ठरले, तेव्हा आम्ही ह्या वेळी वेदीवरून काहीच जाहीर केले नाही. दर रविवारी सकाळच्या मिस्सेपूर्वी पाव तास वाचन, आणि वाचणाऱ्याने आपली पाळी आपणच दारावरच्या कागदावर लिहावयाची, एवढेच ठेविले.

ज्या पैसा फंडाच्या काच कारखान्यासाठी, अंताजीपंत काळ्यांच्या हाकेस ओ देऊन, महाराष्ट्राने एकेक पैसा गोळा केला, तो १९०८ साली ह्याच तळेगावात उभा राहिला, ही गोष्ट येथील जुन्या मंडळींस सांगावयास नको. आमच्या कागदावरही प्रारंभी तसे एकेक नावच पडत होते. तिसऱ्या रविवारच्या चौकटीत एका तरुणाचे नाव होते. त्याची त्या आठवड्यात रात्रपाळी होती हे आम्हांस ठाऊक होते, म्हणून आम्ही स्वतः चष्मा पुसून तयारीत बसलो. साडेसातला कंपनीची गाडी स्थानकाच्या रस्त्यास थांबली. तो गणवेशातच आला, बाहेरच्या नळावर तोंड धुतले, पोथीची खूण काढली आणि उभ्याने वाचावयास लागला. आवाज बसलेला होता. दोन ठिकाणी तो अडखळला, तेव्हा पुढल्या बाकावरील एका आजीबाईंनी शब्द सुचविला. त्याच्या वाट्यास चाळीस ओव्या आल्या होत्या. त्या पुऱ्या करून त्याने खूण पुढल्या पानात ठेविली, मागच्या बाकावर जाऊन बसला, आणि मिस्सेतील पहिले वाचन होण्यापूर्वीच त्यास झोप लागली. आम्ही कोणास त्यास उठवू दिले नाही.